पुण्याजवळची सहा गावं, तीस वर्षांचा अभ्यास आणि आपलं ताट

भीमाकाठ

मधुमेह, कोलेस्टेरॉल, भात बंद करा, तूप सुरू करा, असे धागे इथे सतत येतात आणि दरवेळी पुरावा म्हणून अमेरिकेतला नाहीतर युरोपातला कुठलातरी अभ्यास पुढे केला जातो. ते अभ्यास चांगलेच आहेत. पण पुण्यापासून ४०-५० किलोमीटरवरच्या सहा गावांत १९९३ पासून जे काम चाललंय, ज्याचा दाखला जगभर दिला जातो, ते आपल्यातल्या फार थोड्यांना माहीत आहे याचं मला मनापासून वाईट वाटतं, म्हणून हा धागा. मी डॉक्टर नाही, संख्याशास्त्र शिकवतो, या अभ्यासाचे पेपर मात्र बरीच वर्षं वाचतोय.

नाव पुणे मॅटर्नल न्यूट्रिशन स्टडी. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे (रास्ता पेठेतलं, मुंबईचं नव्हे) डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडच्या साउथहॅम्प्टनच्या डॉ. कॅरोलाइन फॉल यांनी तो उभा केला. त्यामागची गोष्ट अशी, की इंग्लंडच्या हर्टफर्डशायर परगण्यात १९११ पासून सुईणी प्रत्येक बाळाचं जन्माचं वजन, वर्षाचं झाल्यावरचं वजन, अंगावर पाजलं का, हे सगळं वहीत लिहून ठेवायच्या. डेव्हिड बार्कर या ब्रिटिश संशोधकांना त्या वह्या सापडल्या आणि ती बाळं म्हातारी होऊन कशाने गेली ते त्यांनी शोधलं, तर कमी वजनाच्या बाळांमध्ये पुढे हृदयविकाराने मरण्याचं प्रमाण जास्त निघालं. आता आपल्याकडे तर बहुतेक बाळं हलकीच जन्मतात, मग आपल्या मधुमेहाचं मूळ आईच्या पोटातच आहे का, हा प्रश्न पुण्यात विचारला गेला.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे सुरुवात गरोदरपणापासून नाही केली, त्याच्याही आधीपासून केली. अडीच हजारांच्या आसपास लग्न झालेल्या बायका, दर महिन्याला घरी जाऊन पाळीची तारीख लिहायची, वजन-उंची आधीच घेऊन ठेवायची, म्हणजे दिवस राहिले की ती बाई आधी कशी होती ते आपल्याकडे लिहिलेलं असतं. दिवस राहिल्यावर १८ व्या आणि २८ व्या आठवड्यात काय खाल्लं ते विचारायचं आणि रक्त घ्यायचं. या आया सरासरी ४२ किलो वजनाच्या, उंची १५२ सेंटीमीटर, बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती त्याचा आकडा) १८.१. दिवसभर शेतात राबणाऱ्या. साडेसातशेहून जास्त बाळं जन्मली आणि ती मुलं आज तिशीच्या घरात आहेत.

आणि काय निघालं बघा. आईने एकूण किती कॅलरी खाल्ल्या, किती प्रथिनं खाल्ली याचा बाळाच्या वजनाशी संबंध लागला नाही. लागला तो पालेभाज्या, फळं आणि दूध किती वेळा खाल्लं याच्याशी. हा पेपर २००१ चा, आघारकर संशोधन संस्थेच्या डॉ. शोभा राव यांचा. आणि हे नुसतं बायकांच्या सांगण्यावर नाही, तांबड्या पेशींतलं फोलेट (पालेभाज्यांतून मिळणारं एक ब जीवनसत्त्व) मोजलं तर तेही ज्यांचं जास्त त्यांची बाळं मोठी. ताटातली भाजी आणि रक्तातलं फोलेट एकच गोष्ट सांगत होते.

म्हणजे ताट भरलेलं असणं आणि त्यात नेमकं काय आहे हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि आपण घराघरात पहिलाच विचारतो. माझं म्हणणं एवढंच आहे की आपल्या शरीराबद्दलचे निर्णय आपल्याच लोकांवर झालेल्या अभ्यासातून घ्यायला शिकूया, आणि तो अभ्यास नीट, त्याच्या मर्यादांसकट वाचूया. प्रश्न विचारा, जमेल तसं लिहितो.

सांजवात

भीमाकाठ, खूप छान लिहिलंय. मी याज्ञिक सरांचं नाव 'थिन-फॅट बेबी' संदर्भात ऐकलं होतं. पण मला कळत नाही की पावणेतीन किलोचं बाळ लठ्ठ कसं असू शकतं?

भीमाकाठ

सांजवात, लठ्ठ नाही, त्याच्या वजनाच्या मानाने चरबी जास्त. साउथहॅम्प्टनची बाळं सरासरी साडेतीन किलोची आणि आपली २.७ ची. आता बाळ सगळीकडून सारखंच लहान असतं तर प्रत्येक माप सारख्याच प्रमाणात कमी यायला हवं होतं ना? तसं नाही आलं. पोटाचा घेर (म्हणजे आत यकृत वगैरे अवयव) फार कमी, दंडाचा स्नायू कमी, पण खवाट्याखालची कातडी चिमट्यात धरून जाडी मोजली तर ती मात्र जवळपास गोऱ्या बाळांइतकी. आकड्यात सांगायचं तर वजन इंग्लंडच्या सरासरीपेक्षा १.७४ प्रमाण विचलनांनी (माणसामाणसांत साधारण जितका फरक असतो त्या मापाने) खाली, पोटाचा घेर २.३८ ने खाली, आणि ती कातडीखालची चरबी फक्त ०.५३ ने. म्हणजे अन्न कमी पडलं तेव्हा बाळाच्या शरीराने अवयव आणि स्नायूंची वाढ कमी केली पण चरबी सांभाळली.

नाळेतलं रक्त तपासलं तर त्यातही तेच, इतकी लहान बाळं असूनही इन्सुलिन इंग्लंडच्या बाळांपेक्षा जास्त. पुढे पुणे आणि लंडनच्या नवजात बाळांचे एमआरआय काढून बघितले, तर आपल्या बाळांच्या पोटात चरबी जास्त निघाली. तुम्ही ते दोन डॉक्टरांचं उदाहरण ऐकलं असेल, २००४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात याज्ञिक आणि लंडनचे युडकिन यांनी स्वतःचेच आकडे छापले, दोघांचा बीएमआय २२.३, पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के.

लेस्टरचा_सुभाष

हे वाचून एक जोडतो. इकडे ब्रिटनमध्ये २०१३ पासून दक्षिण आशियाई लोकांसाठी बीएमआयची वेगळी रेघ सुचवली आहे, आपल्याला २३ पासूनच धोका वाढलेला धरतात आणि २७.५ पासून जास्त धोका, गोऱ्यांना तेच २५ आणि ३०. आमच्या मंडळात निम्मे लोक "माझा २४ आहे, नॉर्मल आहे" म्हणून खूष असतात. गणपतीत आम्ही कमरेचा घेर मोजायचा टेबल लावतो आता, पुरुष ९० सेंटीमीटर, बायका ८०.

उलटतपासणी

धागा चांगला आहे पण मला थोडं अडतं. पालेभाजी खाणाऱ्या आईचं बाळ मोठं, ठीक. पण पालेभाजी कोण खातं? ज्याच्या विहिरीला पाणी आहे, ज्याच्याकडे म्हैस आहे, ज्या घरात सुनेला ताटात वाढून देतात. मग बाळ भाजीने मोठं झालं का त्या घराच्या परिस्थितीने? असे अभ्यास पेपरात आले की दुसऱ्या दिवशी "मेथी खा, मधुमेह टाळा" अशी बातमी होते. मला हे सगळे 'अमुक खाणाऱ्यांना तमुक रोग कमी' वाले अभ्यास संशयास्पदच वाटतात.

भीमाकाठ

उलटतपासणी, संशय बरोबर ठिकाणी आहे. त्यांनी घरची स्थिती, आईची उंची-वजन, ती किती कष्ट करते हे सगळं हिशोबात धरून परत बघितलं आणि संबंध टिकला. (कष्टाचा वेगळा पेपरही आहे, गरोदरपणात जास्त राबणाऱ्या बायांची बाळं लहान निघाली.) पण जे मोजलंच नाही ते हिशोबात कसं धरणार, सासू कशी आहे हे कुठल्या रकान्यात लिहिणार? तेव्हा अशा अभ्यासातून 'इथे काहीतरी आहे, खणा' इतकंच कळतं.

आणि रक्तातला एखादा पदार्थ आणि रोग यांची जोडी दिसली म्हणून तो पदार्थ गोळीतून दिला की रोग टळतो असं तर अजिबात नाही. फिनलंडची गोष्ट यासाठी प्रत्येकाने वाचावी. ज्यांच्या रक्तात बीटा-कॅरोटीन जास्त त्यांना फुप्फुसाचा कॅन्सर कमी, असं अनेक अभ्यासांत दिसत होतं. म्हणून तिथे २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर प्रयोग केला, १९९४ ला निकाल आला, तर बीटा-कॅरोटीनची गोळी घेणाऱ्यांमध्ये कॅन्सर १८ टक्क्यांनी जास्त. रक्तातलं बीटा-कॅरोटीन हे बहुधा गाजर-भोपळा-पालेभाज्या खाणाऱ्या, एकूण जपून राहणाऱ्या माणसाची खूण होती, संरक्षण करणारी गोष्ट ती नव्हती.

होमोसिस्टीन या रक्तातल्या अमिनो आम्लाचंही तसंच. ते वाढलेलं असलं की हृदयविकार जास्त, हे पक्कं दिसत होतं, बी१२ आणि फोलिक ॲसिड (फोलेटचंच गोळीतलं रूप) दिलं की ते उतरतं हेही पक्कं. होप-२ नावाच्या प्रयोगात साडेपाच हजार लोकांना पाच वर्षं दिलं, होमोसिस्टीन उतरलं, पण हृदयविकाराने होणारे मृत्यू काही कमी झाले नाहीत. २००६ चा निकाल. त्याच वर्षी नॉर्वेतल्या प्रयोगाचाही तसाच.

रक्तगट_ओ

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, होमोसिस्टीनचा विषय निघाला म्हणून सांगते. हा नमुना फार नाजूक असतो. रक्त काढल्यावर तांबड्या पेशी नळीतसुद्धा होमोसिस्टीन सोडत राहतात, त्यामुळे नमुना लगेच बर्फात ठेवायचा आणि तासाभरात फिरवून प्लाझ्मा वेगळा करायचा, नाहीतर आकडा नुसता चढत जातो आणि पेशंट घाबरतो. आता विचार करा, गाव ४०-५० किलोमीटर लांब, ९०च्या दशकातले रस्ते, दिवे जाणार, आणि शेकडो बायकांचे नमुने नीट सांभाळून उणे तापमानाच्या फ्रीजरमध्ये वर्षानुवर्षं ठेवायचे. आम्हाला शहरात वातानुकूलित खोलीत बसून नमुना वाया जाऊ न देणं अवघड जातं. त्या फिरत्या टीमबद्दल मला अतिशय आदर वाटतो. ते साठवलेले नमुने होते म्हणूनच नंतर बी१२ मोजता आलं ना?

भीमाकाठ

बरोबर. आणि तिथेच या अभ्यासाचा सगळ्यात मोठा भाग सुरू होतो. साठवलेलं रक्त मोजलं तेव्हा दोन तृतीयांश आयांचं बी१२ कमी निघालं, लिटरमागे १५० पिकोमोलच्या खाली. फोलेट कमी असलेली मात्र अख्ख्या गटात एकच बाई. आपण इतकी वर्षं समजत होतो की आपल्याकडे फोलेटची कमतरता आहे!

मग मुलं ६ वर्षांची झाल्यावर त्यांचं इन्सुलिन तपासलं (पेपर २००८). ज्या आयांचं बी१२ कमी आणि फोलेट भरपूर होतं, त्यांच्या मुलांमध्ये इन्सुलिनला दाद न देण्याचं प्रमाण सगळ्यात जास्त. म्हणजे जे फोलेट बाळाच्या वजनासाठी चांगलं दिसलं होतं तेच बी१२ शिवाय आलं की पुढच्या आजाराशी जोडलेलं दिसलं. पेशीत ही दोन जीवनसत्त्वं एकाच साखळीत काम करतात, बी१२ नसेल तर फोलेट एका रूपात अडकून पडतं, पुढे जात नाही.

यावर उलटतपासणी विचारतीलच म्हणून आधीच सांगतो, म्हैसूरला असाच अभ्यास झाला, तिथे आईचं फोलेट आणि मुलांचं इन्सुलिन यांचा संबंध दिसला पण बी१२ चा मुलांशी नाही दिसला. आईच्या गरोदरपणातल्या मधुमेहाशी मात्र कमी बी१२ चा संबंध दिसला. तेव्हा चित्र पूर्ण एकसारखं नाहीये.

नवी_पालवी

हे वाचून मला आता धडधडायला लागलंय. मला दुसरा महिना चालू आहे, शुद्ध शाकाहारी आहोत, आणि डॉक्टरांनी फोलिक ॲसिड रोज सांगितलंय. ते बंद करू का? कृपया कुणीतरी लवकर उत्तर द्या.

डॉ_रानवाट

नवी पालवी, अजिबात बंद करायचं नाही. बाळाचा मेंदू आणि मणका ज्या नळीतून तयार होतो ती नळी गर्भ राहिल्यापासून साधारण चार आठवड्यांत मिटते, आणि ती नीट मिटायला फोलिक ॲसिड लागतं. हा निव्वळ संबंध दिसलेला नाही, प्रयोगाने सिद्ध झालेला आहे. १९९१ साली ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने, ज्या बायकांना आधी असं बाळ झालं होतं त्यांना फोलिक ॲसिड देऊन बघितलं, तर तो दोष पुन्हा होण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी घटलं. पुण्याच्या अभ्यासातून 'फोलिक नको' असं कुणीही म्हटलेलं नाही, 'बी१२ कडेही बघा' असं म्हटलंय. तुम्ही शाकाहारी आहात, तेव्हा पुढच्या तपासणीला आपल्या डॉक्टरांना बी१२ तपासायला सांगा, कमी असेल तर त्या गोळी देतील. बाकी काळजी करू नका, छान झोपा आणि दूध-दही चालत असेल तर रोज घ्या.

नवी_पालवी

खूप खूप आभार डॉक्टर. उद्याच फोन करते.

जुडी_मेथीची

मी आहारतज्ज्ञ आहे, जिल्हा पातळीवर सर्वेक्षणांत काम केलंय. वर सगळे रक्ताबद्दल बोलतायत म्हणून ताटाबद्दल मला बोलू दे, कारण या सगळ्याचा पाया तिथे आहे आणि तो फार डळमळीत असतो.

"काल दिवसभरात काय खाल्लं?" हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही हो. भाकरी म्हटलं तर कुणाची तळहाताएवढी, कुणाची परातभर. कालवण "एक वाटी" म्हणते ती वाटी कुठली, रस्सा किती आणि फोडी किती? बाई सगळ्यांना वाढून शेवटी बसते, तेव्हा पातेल्यात जे उरलंय ते तिचं जेवण, आणि ते तिला स्वतःलाच धड सांगता येत नाही. वर शेतात जाताना तोंडात टाकलेले शेंगदाणे, बोरं, हरभऱ्याचा घोळाणा, हे "खाल्लं" या सदरात ती मोजतच नाही. उपवासाचा वार निराळा, बाजाराचा वार निराळा. पावसाळ्यात बांधावरची चिघळ-तांदुळजा फुकट मिळते आणि एप्रिल-मेमध्ये हिरवं पान दृष्टीस पडत नाही, मग तुम्ही कुठल्या महिन्यात विचारलं त्यावर उत्तर बदलतं. आणि समोर शिकलेली बाई वही घेऊन बसली की दूध पितेस का याला "हो" म्हणायची पद्धत आहे, मग ते चहातलं दोन चमचे का असेना.

म्हणून आम्ही घरातलीच वाटी-पळी घेऊन पाण्याने माप घेतो, भाकरीचं वजन करतो, वेगवेगळ्या ऋतूंत परत जातो. तरीही चूक राहतेच, आणि म्हणूनच रक्त-लघवीतल्या खुणा हव्या. मिठाचं घ्या, कुणालाही स्वतःचं मीठ सांगता येत नाही, चोवीस तासांची लघवी गोळा केली की सोडियम बरोब्बर कळतं. रक्तातलं क जीवनसत्त्व फळं-भाज्यांचं बऱ्यापैकी खरं सांगतं. पण तेलाचा, साखरेचा असा सरळ माग रक्तात लागत नाही. तेव्हा दोन्ही लागतात, आणि दोन्ही जुळले की मग विश्वास ठेवावा. पुण्याच्या अभ्यासात पालेभाजी आणि फोलेट जुळलं हे मला म्हणून महत्त्वाचं वाटतं.

घोळाची_भाजी

+१. माझी आजी शेवटी जेवायची. वाचून गलबलून आलं.

गोदातीर

माझ्या वडिलांचं सांगतो. मधुमेह आहे, बरीच वर्षं मेटफॉर्मिन चालू. पायाला मुंग्या, चालताना तोल जायचा. एका दवाखान्यात "साखरेने नसा खराब होतात, असंच असतं" म्हणून परत पाठवलं, आणि आम्हीही ते मानलं. पुढे दुसऱ्या डॉक्टरांनी बी१२ तपासलं तर फारच कमी. इंजेक्शनं सुरू केल्यावर तोल बराच सुधारला. आम्ही अगदी शाकाहारी पण नाही, महिन्यातून एकदा मटण असतं.

डॉ_रानवाट

गोदातीर, मेटफॉर्मिनने बी१२ चं शोषण कमी होतं हे पक्कं माहीत आहे. औषध चांगलं आहे, ते स्वतःहून थांबवू नका, पण दीर्घकाळ घेणाऱ्यांनी अधूनमधून बी१२ बघितलं पाहिजे. दोन्ही आजारांत पायाच्या मुंग्या सारख्याच असतात, त्यामुळे न तपासता कळत नाही. यकृतात बी१२ चा साठा काही वर्षं पुरतो म्हणून कमतरता सावकाश चढते आणि मागचा धागा लागत नाही.

वेसावकर_मंदा

आमच्या कोळीवाड्यात हा प्रश्न कमी असेल असं वाटतं. सुकट, जवळा, बोंबील रोजच. तिसऱ्यांमध्ये बी१२ भरपूर असतं म्हणतात, खरं का?

जुडी_मेथीची

मंदाताई, खरं आहे, शिंपल्यांत तर खूपच असतं. अंडं, मासळी, मटण, आणि दूध-दही. एक मोठा पेला दुधात साधारण १ मायक्रोग्रॅम मिळतं. कडधान्यं, मोड, पालेभाज्या यात नाही. कुणी आंबील-इडलीत 'आंबवल्यामुळे' बी१२ तयार होतं म्हणतं, त्यावर विसंबू नका. स्पिरुलिनात जे असतं तेही बहुतांशी माणसाला उपयोगी न पडणारं रूप आहे.

उलटतपासणी

बी१२ कमी असणं हे गरिबीचं लक्षण म्हणून धरायचं का मग?

भीमाकाठ

नाही, आणि याचं पुण्यातलंच उत्तर आहे. २००६ च्या एका पेपरात ४४१ मध्यमवयीन पुरुष घेतले होते, खेड्यातले, झोपडपट्टीतले आणि शहरी मध्यमवर्गीय. एकूण ६७ टक्क्यांचं बी१२ कमी. आणि सगळ्यात वाईट स्थिती कुणाची, तर शहरी मध्यमवर्गाची, ८१ टक्के. शाकाहार हे मोठं कारण होतं. कॅलरी भरपूर, बीएमआय चढलेला, आणि तरी हे. धाग्याच्या सुरुवातीला ताटात काय आहे हा वेगळा प्रश्न म्हटलं ते यासाठीच.

चौदा_नंबर_चाळ

मी मुंबईत समाजकार्यात होते, तेव्हा तुमच्या 'खणा' वाल्या मुद्द्यावर लिहिते, कारण खणलं गेलंय. पुण्याच्या त्या पालेभाजी-फळं-दूध वाल्या निष्कर्षाची कसोटी मुंबईच्या झोपडपट्ट्यांत घेतली गेली, २००६ पासून. सारस प्रकल्प म्हणायचे, वांद्र्याचं सेंटर फॉर द स्टडी ऑफ सोशल चेंज आणि साउथहॅम्प्टनची तीच मंडळी. साडेसहा हजार बायका चिठ्ठ्या टाकल्यासारख्या दोन गटांत. एका गटाला रोज पालेभाजी, फळं आणि दूध घातलेला खाऊ, दुसऱ्याला तसाच दिसणारा पण कांदा-बटाटा वगैरे असलेला. खाऊ कसला, तर समोसा-भजी यांच्यासारखा, कारण बायकांनी आवडीने खायला हवा ना. केंद्रावर येऊन समोर बसून खायचा, म्हणजे घरी नेला की पोराच्या तोंडात जाणार हे सगळ्यांना माहीत. आणि दिवस राहायच्या आधीपासून सुरू करायचं, बाळंत होईपर्यंत.

निकाल २०१४ ला आला. सगळ्या बायका धरल्या तर बाळाच्या वजनात ठाम फरक नाही. ज्यांनी गर्भ राहण्याच्या किमान तीन महिने आधीपासून खाल्लं त्यांच्या बाळांचं वजन सरासरी ४८ ग्रॅमनी जास्त. आणि हृदयाला लागणारी गोष्ट अशी, की सगळ्यात हडकुळ्या बायकांच्या बाळांना फायदा नाही झाला, थोडं अंग असलेल्यांच्या बाळांना झाला. पण गरोदरपणातला मधुमेह बघा, खाऊ खाल्लेल्यांत ७.३ टक्के आणि दुसऱ्या गटात १२.४.

उलटतपासणी

हे मला माहीत नव्हतं. चिठ्ठ्या टाकून केलंय म्हणजे विहीर-म्हैस-सासू सगळं दोन्ही गटांत सारखं वाटलं गेलं. ४८ ग्रॅम फारच कमी वाटतं पण मधुमेहाचा फरक मोठा आहे. एवढ्यासाठी एवढा खटाटोप असं मी म्हणणार नाही.

चौदा_नंबर_चाळ

४८ ग्रॅम कमी आहेत, मान्य. पण ते एका बाळाचे नाहीत, सरासरी आहे. आणि चार महिन्यांच्या पोटाने दवाखान्यात आलेल्या मुलीला "आता नीट खा" सांगणं उशिराचं आहे हे त्यातून कळलं. मी ज्या वस्तीत काम करायचे तिथे मुलींची पहिली नोंदच बऱ्याचदा चौथ्या-पाचव्या महिन्यात व्हायची. मुलगी वयात येते तेव्हापासून तिच्या ताटात दूध, भाजी, अंडं पडायला हवं. सरकारी योजनांतही जास्त भर गरोदर बाईवर असतो, त्याआधीची मुलगी बऱ्याचदा सुटून जाते. यावर मी कितीही बोलू शकेन.

सांजवात

मग पुण्याच्या त्या गावांत नंतर काही दिलं का मुलांना? का नुसतं मोजतच राहिले?

भीमाकाठ

दिलं. २०१२ च्या सुमारास, म्हणजे ती मुलं १६-१७ ची असताना, प्रिया नावाचा प्रयोग सुरू झाला. मुलामुलींना रोज फक्त २ मायक्रोग्रॅम बी१२, कुणाला त्यासोबत इतर सूक्ष्म पोषकद्रव्यं, कुणाला नुसती साधी गोळी. डोस मुद्दाम आहारातून मिळेल इतकाच ठेवला. मुलींची लग्नं झाली, बाळं झाली, आणि त्या बाळांना दोन वर्षांच्या आसपास तपासलं, तर फक्त बी१२ घेतलेल्या मुलींची बाळं आकलन आणि भाषेच्या चाचण्यांत साध्या गोळीवाल्यांपेक्षा सरस निघाली. बाळांची संख्या लहान आहे, तेव्हा याला शेवटचा शब्द मानू नका. त्यांच्या मधुमेहाचं काय होतं ते कळायला अजून काही दशकं जातील. आजी, आई, नातवंडं अशा तीन पिढ्या एका अभ्यासात आहेत, आणि गावांनी हे सगळं तीस वर्षं निभावून नेलंय.

माळरान_९५

मी त्याच तालुक्यातला, पण अभ्यासातला नाही. जन्म ९५ चा. ती मुलं मोठी झाल्यावर काय निघालं ते सांगा ना. मी स्वतः एकदम बारीक आहे, ५२ किलो, एका कंपनीत शिफ्टला आहे. घरी कुणाला शुगर नाही. मला सगळे म्हणतात तुला काय होतंय.

भीमाकाठ

माळरान, १८ व्या वर्षी ६१९ जणांची ग्लुकोज पाजून तपासणी केली. मुलांपैकी ३७ टक्के आणि मुलींपैकी १८ टक्के जणांची साखर नेहमीच्या मर्यादेबाहेर, बहुतेक मधुमेहपूर्व पातळीत. आणि हे लठ्ठ नव्हते, सगळ्यांपैकी ४८ टक्के तर कमी वजनाचे, बीएमआय १८.५ च्या खाली. मागे जाऊन बघितलं तर या मुलांची उपाशीपोटीची साखर लहानपणापासूनच जरा वरची होती, जन्मतः त्यांची लांबी कमी होती, आणि त्यांच्या आयांची साखर गरोदरपणात थोडी जास्त होती. देशभराचा २०२३ चा आयसीएमआरचा (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा) अंदाज १० कोटींवर मधुमेही आणि साडेतेरा कोटींच्या आसपास मधुमेहपूर्व आहे, त्यात तुमच्यासारखे बारीक लोक किती असतील याचा विचार करा. तपासून घ्या.

माळरान_९५

ओके. कुठली टेस्ट करू, कंपनीच्या कॅम्पमध्ये एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) फुकट असते ती चालेल का?

डॉ_रानवाट

ती करा, पण तेवढ्यावर थांबू नका. अंगात लोह कमी असेल तर एचबीए१सी खोटी वर दाखवते, आपल्याकडे हे बऱ्याचदा होतं, म्हणून सोबत हिमोग्लोबिनही बघा. खरी तपासणी म्हणजे उपाशीपोटी रक्त, मग ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून, आणि बरोबर दोन तासांनी पुन्हा रक्त. रात्रपाळी करून थेट जाऊ नका, झोप झालेल्या दिवशी जा, आधीचे तीन दिवस नेहमीसारखं जेवा, आणि मधल्या दोन तासांत चहा-बिडी काही नाही, एका जागी बसून राहायचं. बी१२ पण त्याच रक्तात सांगा. रिपोर्ट इथे टाकू नका, जवळच्या डॉक्टरांना दाखवा.

माळरान_९५

पुढच्या आठवड्यात सुट्टी आहे तेव्हा जातो. आईलाही घेऊन जातो.